काजळ लावलेली अंडी

माझ्या हाताला गुण आहे असं गावात सगळे म्हणत, आणि कुणी म्हणायचं विसरलं तर मी आठवण करून देत असे. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची तर बायका मला बोलवायच्या. अंडी दिव्यासमोर धरून पारखायची, टोपलीत विषम संख्येनेच ठेवायची, ढगांच्या गडगडाटाने दगावू नयेत म्हणून पेंढ्यात एक लोखंडी खिळा खुपसायचा आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाची फुली मारायची, म्हणजे कोंबडीने मागाहून घातलेलं ताजं अंडं त्यांच्यात मिसळत नाही. एखादी कोंबडी आळशी निघाली, अंडी चोचीने फिरवेनाशी झाली, तर ते काम मी सकाळ-संध्याकाळ स्वतः करायची. एकविसाव्या दिवशी टोपलीत चिवचिवाट झालाच पाहिजे. एकदा किनाऱ्यावर पंख मोडलेला कुरव पक्षी सापडला, त्यालाही हळद-चुना लावून, पंखाला पट्टी बांधून मी तीन आठवड्यांत उडवून लावला होता. तेव्हापासून तर मला कुणी काही शिकवायच्या भानगडीत पडत नसे.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. माझा नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातले नऊ महिने बाहेर. धाकट्या दिराची नोकरी मुंबईत. घरात मी, माझी दोन मुलं आणि धाकटी जाऊ. जाऊ मंडणगडाकडच्या डोंगरातली. लग्न होऊन आमच्याकडे येईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. भरती-ओहोटीचं कोष्टक तिला समजेना, मासळी साफ करताना हाताला काटे टोचून घ्यायची, आणि बोलायची इतकी हळू की मला दोनदा विचारावं लागे. दुसऱ्यांदा मी विचारत नसे. गावात महिला मंडळ निघालं तेव्हा अध्यक्ष मीच झाले. निवडणूक वगैरे काही झाली नाही. मंडळाकडे हातांची एकच खुर्ची होती, तीत मी बसले आणि मला कुणी उठवलं नाही.

अशात एका हिवाळ्यात मुंबईहून कासवांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ आले. दाभोळच्या तरीने खाडी ओलांडून, खांद्यावर कापडी पिशवी अडकवून, चपला हातात घेऊन ते वाळूतून चालत आले. शाळेच्या ओट्यावर आमचं मंडळ जमवून त्यांनी सांगितलं, की समुद्रातली कासवं आपल्या पुळणीवर अंडी घालायला येतात, ती अंडी माणसं आणि कुत्री उकरून खातात, आणि असंच चाललं तर कासवं यायची थांबतील. आम्ही बायका जरा ओशाळलो. देवळात शिरताना दगडी कासवाच्या पाठीला हात लावून कपाळाशी नेणाऱ्या आम्हीच, आणि घरी आलेली कासवाची अंडी परत पाठवली असं आमच्यापैकी एकीनेही कधी केलं नव्हतं.

निघताना त्यांनी घरटी राखायची रीत समजावली. घरटं भरतीच्या रेषेच्या खाली असेल तर अंडी उचलून वर न्यावी लागतात. ती दोन-तीन तासांच्या आत न्यायची, जी बाजू वर होती तीच वर ठेवायची, आणि पुन्हा वाळूत पुरली की पिल्लं निघेपर्यंत फिरवायची तर नाहीतच, हातसुद्धा लावायचा नाही. मला हसू आलं. मी विचारलं, तुम्ही कधी कोंबडी बसवली आहे का? ते म्हणाले, नाही. मग झालं, असं मी म्हटलं, आणि सगळ्या बायका हसल्या. ते बिचारेही हसले. जावेने मात्र त्यांना काहीतरी हळूच विचारलं. अंडं गोल असतं, मग वरची बाजू कोणती ते कसं ओळखायचं, असा तिचा प्रश्न होता. त्यांनी तिला हाताने करून दाखवलं, अंडं उचलताना मनगट वळवायचं नाही. मला तो प्रश्नच बावळटपणाचा वाटला. मी चहाचं बघायला गेले.

पुळणीवर खरी सत्ता होती एका म्हाताऱ्याची. तो पूर्वी गलबतावर तांडेल होता, म्हणजे सगळ्या खलाशांचा म्होरक्या. आता दम्याने घरी बसला होता. कासवाचं अंडं कच्चं गिळलं की छाती मोकळी होते असा त्याचा ठाम विश्वास. दर हिवाळ्यात पहाटे भेंडीच्या झाडाची काठी घेऊन तो पुळणीवर जायचा. कासवाचा माग पाहून, काठी वाळूत अलगद दाबत दाबत तो घरटं शोधायचा, आणि काठी जिथे मऊ शिरायची तिथे थांबायचा. त्याची काठी कधी चुकली नाही आणि तिने कधी अंडं फोडलं नाही. त्याच्या आधी पुळणीवर जायची कुणाची छाती नव्हती.

मी सरळ त्याच्या अंगणात गेले आणि म्हटलं, काका, यंदा अंडी आम्हाला द्या, आम्ही पिल्लं काढून समुद्रात सोडणार. तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "एक घरटं देतो. पिल्लं पान्यात गेलेली माज्या डोळ्यांनी दिसली, तर फुडची समदी तुमची. मी काठीला हात लावायचो नाय. पन नाय दिसली, तर परत माज्या वाटेत यायचां नाय."

मी शब्द दिला. देताना मला काहीच जड गेलं नाही. माझ्या हातून कधी एक टोपली वाया गेली नव्हती, तर इथे काय होणार होतं?

पौषात एका सकाळी त्याने निरोप धाडला. आम्ही सातजणी पाणी भरायचं सोडून धावलो. वाळूवर कासवाच्या वर येण्याचा आणि परत जाण्याचा माग ताजा होता, आणि घरटं भरतीच्या रेषेच्या चार हात खाली होतं. म्हातारा काठी रोवून उभा होता. मी हाताने उकरलं. अंडी पांढरी, ओलसर, चामड्यासारखी मऊ, बोटाने दाबलं तर खळगा पडायचा. मोजून एकशे चार भरली. एकशे चार म्हणजे सम, आणि समाला मी हात लावत नसते. आमचा भाताचा हारा, तो मोठा बांबूचा टोपला, वाळूने भरून आणला होता. त्यात एकाहत्तर बसली. उरली तेहतीस. दोन्हीकडे विषम झाल्यामुळे माझं समाधान झालं.

उरलेली तेहतीस मी जावेच्या पदरात घातली आणि तिला म्हटलं, ही तू वर केवड्याच्या बनापाशी पूर. सकाळ-संध्याकाळ उकरून फिरवायला विसरू नको. ती म्हणाली, "वैनी, ते फिरवू नका म्हनाले होते ना?" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने मान खाली घातली आणि पदर दोन्ही हातांनी सपाट धरून ती वर निघाली. भरल्या दुधाचं पातेलं नेताना चालावं तशी चालत होती, ते पाहून मी बाकीच्या बायकांना डोळा मारला.

हारा मी पडवीत, चुलीच्या भिंतीला लागून ठेवला. तिथे ऊब चांगली. वाळूत खिळा खुपसला. कोळशाची फुली त्या ओल्या अंड्यांवर उठेना, म्हणून माझी काजळाची डबी काढली आणि प्रत्येक अंड्याला एक एक ठिपका लावला. बाळाला तीट लावावी तशी एकाहत्तर अंड्यांना तीट लावून झाली तेव्हा डबी रिकामी झाली होती. सकाळी ठिपका वर, संध्याकाळी ठिपका खाली. एकही अंडं मी चुकवलं नाही. मुलांची आंघोळ एखाद्या दिवशी राहिली असेल, पण अंडी फिरवायची राहिली नाहीत. बायका दुपारच्या कामातून सुटल्या की हारा बघायला यायच्या आणि मी त्यांना तिटा दाखवायची.

जावेने तिकडे काय केलं ते मी बघायलाही गेले नाही. एवढं कळलं होतं, की तिने फाटक्या रापणीच्या जाळ्याचं कुंपण घातलं होतं आणि वाळूवर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालून वर चिरा ठेवला होता. कुत्री यायची वेळ उजाडतानाची. म्हणून मंडळातल्या बायकांनी आपसात पाळ्या लावून तिथे बसायला सुरुवात केली. कुणी तिथेच तांदूळ निवडायची, कुणी केरसुण्या वळायची. मी एकदाही गेले नाही. अध्यक्ष आहे, आणि शिवाय खरी अंडी माझ्याकडे आहेत, असं माझ्या मनात होतं.

एकविसावा दिवस आला आणि गेला. मी म्हटलं, कासव मोठं जनावर, वेळ लागणारच. मुंबईच्या पाहुण्यांनी पन्नासेक दिवस म्हटलं होतं ते मला तेव्हा सोयीने आठवलं. माघात थंडी वाढली. म्हाताऱ्याचा खोकला आमच्या पडवीपर्यंत ऐकू यायचा. दर वर्षी या दिवसांत तो अंडी गिळायचा, यंदा त्याने एकही गिळलं नव्हतं. मला अजून वाटतं की अंड्यांनी दमा जात नाही. पण त्याला वाटत होतं की जातो, आणि तरीही त्याने ती मला दिली होती, हे मला प्रत्येक खोकल्याबरोबर कळत होतं.

पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास पडवीत वास यायला लागला. मी धाकट्याच्या दप्तरात काही नासलंय का बघितलं, कोनाडे पुसले, उंबऱ्यापाशी धूप जाळला. वास हाऱ्यातून येतोय हे कळायला मला नाक लागत नव्हतं, मन लागत होतं, आणि ते तयार नव्हतं. बायका आल्या की मी त्यांना अंगणातूनच वाटेला लावायची. रोज अंडी मात्र फिरवत राहिले. तीट वर, तीट खाली.

एक्कावन्नाव्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, मी एक अंडं फोडलं. आत पिवळसर पाणी आणि कडेला चिकटलेला एक तांबूस धागा, वाळून गेलेला. दुसरं फोडलं, तेच. दहा फोडली. दहाही सुरुवातीच्या आठवड्यातच थांबली होती. आतल्या जिवाने जेमतेम सालाला धरलं होतं, आणि मी ती उपडी केली होती. कोंबडीच्या पिल्लाला चालतं ते यांना चालत नव्हतं, आणि हे मला शाळेच्या ओट्यावर, सरळ मराठीत, माझ्या तोंडावर सांगितलं गेलं होतं. मी पडवीत बसून रडले. मेलेल्या पिल्लांसाठी रडले, हे खरं. पण निम्मं रडणं स्वतःच्या फजितीचं होतं, हेही लिहून टाकते.

अंडी परसात पुरली, तोंड धुतलं आणि म्हाताऱ्याकडे गेले. आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, काका, अंडी मेली. आपोआप मेली नाहीत, मी मारली. फिरवू नका सांगितलं होतं, मी फिरवली.

तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी खाल्ली असती तर पोटात तरी गेली असती."

मग त्याने सांगितलं, की दोन दिवसांपूर्वी आणखी एक कासव वर चढून गेलंय. जागा त्याने हेरून ठेवली होती, शब्दाखातर हात लावला नव्हता. आता तो नातवाकडून अंडी काढून आणवणार होता. ठरल्याप्रमाणेच होतं सगळं. मी मान हलवली.

माझ्या पाठीमागे जाऊ कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. ती म्हणाली, "काका, माज्याकडे तेहतीस हायत." मी म्हटलं, अगं, तीही गेलीच असणार, तूही फिरवलीस ना. तेव्हा ती माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच मला दोनदा विचारावं न लागेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मी एकदाबी हात लावला नाय, वैनी."

मला आधी राग आला. माझं ऐकलं नाही म्हणून. अंगणात उभी राहून मी रागाने लाल झाले, आणि मग माझं मलाच कळेना की रागावतेय कशावर. म्हातारा तिच्याकडे टक लावून बघत होता. तिने त्याच्याकडे शिमग्यापर्यंतची मुदत मागितली. शिमग्याला आठ दिवस होते. तो म्हणाला, बरं.

त्यानंतर उजाडलं की मी पुळणीवर जायला लागले. जावेने मला बसायची जागा दाखवली, डालग्यापासून दोन हात लांब. मी बसायची आणि हात मांडीखाली घालायची. वाळू उकरून बघायची इतकी शिवशिव हातांना सुटायची, की मी घरून केरसुणीची पाती नेऊन वळत बसायला लागले.

चौथ्या सकाळी डालग्याखालची वाळू वाटीएवढी खचली होती. मला वाटलं, खेकड्याचं काम. जाऊ पालथी पडून, कान वाळूजवळ नेऊन बघत राहिली. मग तिने हात वर केला, सगळ्यांनी गप्प बसा म्हणून. खचलेल्या खळग्यात एक काळं नाक हललं. मग वल्ह्यासारखा एक पाय. मग सगळा खळगाच हलायला लागला.

आता म्हाताऱ्याने बघायला हवं होतं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तरच करार. आणि त्याला तर चार पावलं चालून दम लागत होता. मी पळत घरी गेले आणि मंडळाची खुर्ची उचलली. चौघींनी त्याला खुर्चीत बसवलं. एकेका बाजूला दोघी दोघी, अशी ती खुर्ची आम्ही अंगणातून, नारळीच्या आळ्यांमधून, मऊ वाळूतून नेली. वाळूत पाय रुतायचे, खुर्ची कलायची, तो एका हाताने माझ्या खांद्याला आणि दुसऱ्या हाताने काठीला धरून होता. मधेच म्हणाला, गलबत बरं होतं याच्यापरास. मला हसायलाही श्वास उरला नव्हता.

खुर्ची ओल्या वाळूच्या कडेला टेकवली. जावेने चिरा उतरवला आणि डालगं उचललं. तळहातात मावतील एवढी, राखी रंगाची पिल्लं, अंगावर वाळू, एकमेकांना तुडवत बाहेर आली. एक उताणं पडलं. माझा हात आपोआप पुढे गेला. जावेने माझ्या मनगटावर बोट ठेवलं, नुसतं बोट. मी हात मागे घेतला. पिल्लाने मान ताणली, दोनदा घसरलं आणि आपलं आपण सुलटं झालं.

पिल्लं म्हाताऱ्याच्या पायांजवळून गेली. त्याने पाय वर उचलून धरले आणि ओठ हलवत तो मोजत राहिला. पहिल्या लाटेने चार नेली, दोन परत आणून टाकली, पुढच्या लाटेने तीही नेली. सव्वीस गेली. त्याने मोजली सव्वीस, मी मोजली सव्वीस. पाण्यात काळे ठिपके दिसेनासे झाले तरी तो तिकडेच बघत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि ते पुसायचं त्याने काही मनावर घेतलं नाही. माझेही भरले होते. इतका आनंद मला माझ्या हातच्या एकाही टोपलीने दिला नव्हता, आणि यात माझा हात अजिबात नव्हता.

मग त्याने सांगितलं, की ते दुसरं घरटं उंडणीच्या झाडासमोर, भरतीच्या रेषेच्या वर आहे, त्याला हलवायची गरज नाही. आणि शब्दाप्रमाणे त्याने काठी पुढे केली. मी अध्यक्ष. मी हात पुढे केला.

काठी माझ्या हातावरून पुढे गेली आणि त्याने ती जावेसमोर धरली. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "सूनबाय, तुजा हात गुणाचा हाय. पन तो गप ऱ्हात नाय."

जावेने काठी घेतली. ती एकदा काठीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती, आणि मला ठाऊक आहे, मी नाक मुरडलं असतं तर तिने ती परत केली असती. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पुढे केलेला हात अजून तसाच होता, तो मी खाली घेतला.

"कुठे दाबायची ते काकांना विचारून घे," मी म्हटलं.

तिने विचारलं. त्याने खुर्चीत बसूनच तिच्या हातावर हात ठेवून एकदा दाबून दाखवलं. मग ती उंडणीच्या झाडाकडे निघाली, काठी वाळूत अलगद दाबत, दर दोन पावलांवर थांबत. थोडं पुढे जाऊन तिने मागे वळून मला हाक मारली.

"वैनी, डालगं घेऊन या."

मी डालगं उचललं आणि तिच्या मागे गेले.